चीझ तासभर आधी बाहेर काढ

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

हिवाळ्याच्या सुट्टीत तुम्ही सगळे जमणार आणि प्रत्येकाने इतरांनी कधी न खाल्लेलं एखादं गोड नाहीतर चीझ आणायचं, हे तू सांगितल्यापासून माझं मन त्या टेबलाभोवतीच घुटमळतंय. फोनवर सगळं बोलून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

चीझ तासभर आधी फ्रीजबाहेर काढून ठेव. गार चीझचा वास आतच अडकून राहतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं बरंचसं नाकाचंच काम असतं. नाक चिमटीत धरून तुकडा चावून बघा आणि मग नाक सोडा. आधी नुसतं खारट लागलेलं एकदम उमलून येतं. सौम्य चीझ आधी, जुनं त्यानंतर, निळ्या बुरशीचं सगळ्यात शेवटी. रोकफोरसारखं निळ्या बुरशीचं चीझ एकदा जिभेवर आलं की पुढच्या नाजूक चिझांची चव कळतच नाही. त्याच्यासोबत मध किंवा पिकलेलं पेअर ठेव. खारट-तिखट आणि गोड असं एकत्र आलं की नको म्हणणाराही दुसरा तुकडा उचलतो.

कुणी लिंबर्गर आणलं तर खोलीभर मोज्यांचा वास सुटेल. ते चीझ मुरताना मिठाच्या पाण्याने पुसतात, त्यामुळे त्याच्या सालीवर जे जिवाणू वाढतात त्यांचे भाऊबंद माणसाच्या पायांवरही असतात. पण तो वास मुख्यतः सालीचा. साल कापून आतलं खाल्लंस तर ते बरंच मवाळ लागतं. तेव्हा वास आल्याबरोबर ‘शी’ म्हणू नकोस गं. ज्याने आणलं त्याच्या घरी कदाचित तो सणाचा वास असेल. हे कसं खातात, कशाबरोबर खातात, हे त्यालाच विचार. मला वाटतं, अशा बैठकीत खाण्याइतकीच मजा त्या उत्तरांत असते.

आणि हे विसरू नकोस. तुमच्यात कुणी शाकाहारी असेल तर आधीच सांगून टाक की बऱ्याच पारंपरिक चिझांत दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. इटलीच्या पार्मिजानो रेज्जानो चीझला तर ते नियमानेच लागतं. वेष्टनावर मायक्रोबियल (म्हणजे सूक्ष्मजीवांपासूनचं) किंवा वनस्पतिजन्य रेनेट लिहिलं असेल तर हरकत नाही. चघळायच्या मऊ गोळ्यांत बऱ्याचदा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं जिलेटिन असतं, तेही बघ. स्पेनची तुरॉन ही मिठाई म्हणजे मुख्यतः बदाम आणि मध, म्हणून सुक्यामेव्याची ॲलर्जी कुणाला आहे का ते पहिल्यांदा विचार. खाऊन झाल्यावर कळणं फार महागात पडतं.

गोड की चीझ हा वाद घालायचा असेल तर नॉर्वेचं ब्रुनोस्ट आणा. चीझ काढल्यावर उरलेलं पाणी, त्यात दूध-साय घालून, तासन्‌तास आटवतात. दुधातली साखर तपकिरी होते आणि चक्क टॉफीसारखी चव येते. कागदासारखे पातळ काप काढा, जाड तुकडा घशाशी बसतो. फिनलंडचं सल्मियाक्की मात्र नावाला गोड. ज्येष्ठमधाच्या त्या काळ्या गोळीत नवसागर असतो, पहिल्या क्षणी जीभ दचकते. एकदोन गोळ्या पुरेत. ज्येष्ठमध फार पोटात गेलं की रक्तदाब वाढतो, आणि तुला आवडलं की हात थांबत नाही, हे मी लहानपणापासून बघतेय.

माझ्या मनातलं चीझ मात्र वेगळंच आहे. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या डोंगरांत थंडी आली की गाईंचं दूध कमी होतं, चीझच्या मोठाल्या चकत्यांना पुरत नाही. मग त्या थोड्या दुधाचं लहान, मऊ मोंदोर करतात आणि ते पसरू नये म्हणून भोवती स्प्रूस झाडाच्या सालीची पट्टी बांधतात. फ्रान्समध्ये ते 15 ऑगस्ट ते 15 मार्च एवढ्याच काळात बनवता येतं, म्हणजे तुमची सुट्टी त्याच्या ऐन हंगामात आलीय. चीझची वरची साल उचलायची आणि चमच्याने खायचं, सगळ्यांनी एकाच डबीतून.

मिळालंच तर ती सालीची पट्टी फेकू नकोस. पुसून, कागदात गुंडाळून माझ्यासाठी घेऊन ये. लाकडाचा वास त्या चिझात किती उतरतो ते तू सांगशीलच, पण मला तो स्वतः घेऊन बघायचाय.

तुझी,
आई