न लागलेली जोड

फिलाडेल्फिया,
रविवार, 30 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप अण्णा आणि माय यांना साष्टांग नमस्कार. छकुलीला अनेक आशीर्वाद.

मी इकडे खुशाल आहे. थंडी पडलीय, पण घरात हीटर आहे आणि जाड कोटही आहे. ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी आता बऱ्यापैकी गोल होते. छकुली, हे पत्र तू अण्णांना वाचून दाखव. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही आणि अर्ध्यात लाईन तुटते, म्हणून बसून लिहितोय. अक्षर मोठं ठेवलंय, तरी अण्णा, तुम्ही स्वतः वाचत बसू नका.

माय, आधी त्या फोटोचं सांगतो. हातात ग्लोव्ज घातलेला माझा फोटो शेजारच्या काकूंनी बघितला आणि पोरगं तिकडं मारामाऱ्या करतंय असं तुला येऊन सांगितलं. तसं काही नाही. शनिवारी तासभर जिमला जातो. दोरीवरच्या उड्या मारतो, टांगलेल्या पिशवीला ठोसे मारतो, घाम निघाला की घरी येतो. माझ्यासमोर कुणी माणूस उभा नसतो. आठवडाभर लॅबमध्ये बसून पाठ धरते, त्याला हा उपाय आहे. आणि टीव्हीवर गोळीबाराच्या बातम्या बघून जीव टांगणीला लावू नकोस. हे शहर मोठं आहे, मी राहतो तो भाग चांगला आहे, रात्री उशिरा मी बाहेर पडत नाही.

पण अण्णा, मागच्या फोनला तुम्ही विचारलं होतं, अली आणि टायसन हे दोन बॉक्सर एकमेकांशी लागले असते तर कोण पडलं असतं? तेवढ्यात फोन कट झाला. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी इथल्या कटिंगच्या दुकानाचं सांगावं लागेल.

आपल्याकडं कटिंगच्या दुकानात पाऊस निघतो, सोयाबीनचा भाव निघतो, निवडणूक निघते. मी जातो त्या दुकानात शनिवारी सात-आठ म्हातारे बसलेले असतात. निम्म्यांच्या डोक्यावर कापायला केस नाहीत. ते फक्त जोड लावायला येतात. जोड कुणाची? जे बॉक्सर मरून गेले, जे म्हातारे झाले, जे एकमेकांच्या काळात जन्मलेच नाहीत, त्यांची. पहिल्या दिवशी मला वाटलं खरंच भांडण लागलंय. दोघं उभे राहून ओरडत होते, बोटं नाचवत होते, आणि मालकानं वस्तरा हातात तसाच धरून तिसराच मुद्दा काढला. मी उठून चाललो होतो. मग लक्षात आलं की कधी झालीच नाही अशा लढतीवरून हे सगळं चाललंय. माळेगावच्या यात्रेत कुस्तीच्या फडात पंच दोन पोरांचे हात धरतो, शेजारी उभं करतो, अंगापिंडाकडं बघतो आणि जोड लावतो. इथं पोरं हजर नसतात, फड नसतो, हलगी नसते, आणि निकाल तर कधीच लागणार नसतो. तरी दोन-दोन तास जातात. मला पहिलं वर्षभर याचा अर्थच लागला नाही. पुढं आठवलं की तुम्ही आणि तुमचे तालमीतले जोडीदार लिंबाखाली बसून हेच करायचात. आपल्या लातूरचे पहिलवान हरिश्चंद्र बिराजदार मामा आजच्या मॅटवर उतरले असते तर, यावरून तुम्ही एकदा आठ दिवस एकमेकांशी बोलला नव्हता.

दुकानाच्या मालकाचा एक नियम आहे. नुसतं ‘अली’ म्हटलेलं चालत नाही. तो लगेच विचारतो, “कुठल्या सालचा अली?” साल सांगता येत नसेल तर त्यानं गप्प बसायचं.

मला हा नियम फार पटला. व्हिएतनामच्या लढाईला जायला अलीनं 1967 मध्ये नकार दिला. त्याचं विजेतेपद काढून घेतलं, परवाना काढून घेतला. मार्च 1967 नंतर तो ऑक्टोबर 1970 मध्येच रिंगणात आला. तीन वर्षं सात महिने. पंचविसाव्या वर्षी बाहेर बसला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी परत आला. पहिलवानाची ती वर्षं म्हणजे काय असतात ते तुम्हाला मी काय सांगायचं. परत आलेला अली हुशार होता, मार खायला घट्ट झाला होता, 1974 मध्ये किन्शासाला त्यानं तेव्हाचा विजेता फोरमन याला आठव्या फेरीत पाडलं. पण पाय पहिल्यासारखे राहिले नव्हते. म्हणजे सगळ्यात चांगला अली कसा असता, ते कुणी बघितलंच नाही.

इथले म्हातारे मात्र जो फ्रेझर या बॉक्सरच्या बाजूचे. फ्रेझर दक्षिण कॅरोलायनातल्या शेतमजुरी करणाऱ्या घरातला, पोटासाठी या शहरात आला, खाटीकखान्यात काम केलं. लहानपणी घरचं डुक्कर मागं लागलं, हा पडला आणि डावा हात दुखावला. डॉक्टरला दाखवायला पैसे नव्हते. हात वाकडाच भरला, पुन्हा पूर्ण सरळ झाला नाही. त्याच हाताचा हूक, म्हणजे कोपर मोडून बाजूनं मारलेला ठोसा, जगात गाजला. मालकानं एकदा मला ते करून दाखवलं. माझ्या गळ्याभोवती कापड होतं. त्यानं वस्तरा पाण्यात ठेवला, गुडघ्यात थोडा वाकला, डावं कोपर अर्धं मोडून बरगडीपाशी घेतलं, आणि कमरेतून वळत मूठ माझ्या जबड्याशी आणून थांबवली. हात फार हललाच नाही. सगळं खालून आलं, टाचेतून. तुम्ही कुस्तीतला ढाक डाव शिकवताना म्हणायचात ना, हातानं ओढू नको, कंबर घाल. तेच. 8 मार्च 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या फेरीत याच हुकानं अली पाठीवर पडला. उठला, पण कुस्ती फ्रेझरची झाली.

पुढं 1974 मध्ये दोघांची दुसरी लढत अली जिंकला. तिसरी 1 ऑक्टोबर 1975 ला फिलिपिन्समध्ये, मनिलाजवळ. चौदा फेऱ्या दोघं एकमेकांना मारत होते. फ्रेझरचा उजवा डोळा सुजून बंद झाला. पंधराव्या फेरीच्या आधी त्याचे वस्ताद एडी फच यांनी त्याला उठू दिलं नाही. पोरगा जायला तयार होता, वस्तादानं थांबवलं. आणि खरी गोष्ट मला इथं येऊन कळली. फ्रेझरच्या डाव्या डोळ्यात आधीपासून मोतीबिंदू होता. तो त्यानं कित्येक वर्षं लपवून ठेवला होता, कळलं असतं तर लढूच दिलं नसतं. म्हणजे उजवा डोळा मिटल्यावर समोरचा हात त्याला दिसतच नसणार.

हे ऐकलं त्या शनिवारी मी कटिंग न करताच घरी आलो. अण्णा, तुम्हीही तुमच्या डोळ्याचं दोन वर्षं सांगितलं नाहीत. लाईटला जोर नाही, दिवा मंद आहे, असंच म्हणत राहिलात. पोराचा हप्ता चाललाय, खर्च नको, म्हणून. आणि ऑपरेशनला येतो म्हणून मी तिकीट बघत होतो, मग महाग आहे म्हणून सांगितलं, ते पूर्ण खरं नव्हतं. कंपनीत त्या महिन्यात माणसं कमी करत होते. रजा मागायला मी भ्यालो. व्हिसाच्या शिक्क्यासाठी तिकडं अडकून पडलो तर, याचंही भ्या होतं. छकुली एकटी तुम्हाला लातूरला घेऊन गेली. तिनं सगळं नीट केलं हे मला माहीत आहे, तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

असो. ज्यांची जोड लागणं शक्य नव्हतं त्यांची एकदा खरंच लावली होती, ते ऐका. रॉकी मार्सियानो हा 49 लढती खेळला आणि 49 जिंकला. 1956 मध्ये न हरताच निवृत्त झाला. अलीवर बंदी होती तेव्हा, 1969 मध्ये, एका निर्मात्यानं दोघांची सगळी माहिती संगणकात भरली आणि कोण जिंकेल ते विचारलं. मग दोघांना कॅमेऱ्यासमोर उभं करून खोटी लढत चित्रित केली. मार्सियानो पंचेचाळिशीचा, डोक्यावर टोप, पोट कमी करून आलेला. अली सत्तावीस वर्षांचा, हाताला काम नसलेला. शेवट दोघांनाही कळू नये म्हणून वेगवेगळे शेवट करून घेतले. 31 ऑगस्ट 1969 ला विमान कोसळून मार्सियानो गेला. जानेवारी 1970 मध्ये इथल्या थिएटरांत दाखवलं तेव्हा तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकलेला होता. युरोपात दुसरा शेवट दाखवला, त्यात अली जिंकला! मला तर वाटतं संगणकाला साल विचारायला कुणी सांगितलंच नाही. मार्सियानोचं वजन 84 किलोच्या आसपास. आजच्या हिशेबानं तो हेवीवेटच्या खालच्या गटात बसला असता. त्यानं 1951 मध्ये जो लुईला पाडलं हे सगळे सांगतात, पण तेव्हा लुई 37 वर्षांचा होता, ते हळू आवाजात सांगतात. लुई 1937 ते 1949 विजेता होता, 25 वेळा त्यानं किताब राखला. 1938 सालचा लुई समोर असता तर माझ्या मते मार्सियानो आठ फेऱ्या टिकला नसता. हे मी दुकानात बोललो, एका आजोबांनी माझ्याकडं रागानं बघितलं, पण मालक म्हणाला, साल सांगितलंय, बोलू द्या त्याला.

आता तुमचं उत्तर. टायसन 1986 ते 1988 चा घ्यायचा. वीस वर्षांचा असताना विजेता झाला, आणि जून 1988 मध्ये इथून तासाभरावरच्या अटलांटिक सिटीत त्यानं मायकेल स्पिंक्स या बॉक्सरला 91 सेकंदांत झोपवलं. अली 1966-67 चा. टायसन पहिल्या चार फेऱ्यांत पाडू शकला असता, त्यानंतर नाही. अली तेरा सेंटिमीटरनं उंच, हात लांब, मागं सरकत मारणारा. 1990 मध्ये टोकियोला बस्टर डग्लसनं लांब हातानं टायसनला कसं दूर ठेवलं आणि दहाव्या फेरीत पाडलं ते बघितलं की अली, असंच म्हणावं लागतं. फ्रेझर आणि टायसन लागले असते तर मात्र मला सांगता येत नाही. दोघं आत घुसणारे. आपल्याकडं अशी कुस्ती दोन मिनिटांत निकाली निघते, बरोबरीत सुटत नाही.

छकुली, आता तुझ्यासाठी. दुकानातल्या म्हाताऱ्यांनी मला विचारलं, तुमच्याकडं अशी जोड आहे का? मी मेरी कोम आणि निखत झरीनचं सांगितलं. निखत आपल्या नांदेडच्या शेजारची, निजामाबादची. डिसेंबर 2019 मध्ये दिल्लीत संघनिवडीसाठी दोघींची चाचणी लढत झाली. मेरी 37 वर्षांची, सहा वेळची जगज्जेती, निखत 23 ची. मेरी 9-1 नं जिंकली. पण निखत घरी बसली नाही. 2022 ला इस्तंबूलला आणि 2023 ला दिल्लीत जगज्जेती झाली. मालक म्हणाला, 2022 ची निखत आणि 2010 ची मेरी लावा, मग बघू. सगळ्यांनी मान डोलावली. माय, म्हणून म्हणतो, छकुली पोलीस भरतीसाठी पहाटे पळायला जाते त्यावरून तिला बोलू नकोस. सोबत कुणी पाहिजे असेल तर अण्णा कठड्यावर बसतील. बूट मी पाठवतोय, नंबर कळव.

आता पैशाचं. पाच तारखेला 45 हजार येतील. त्यातले 32 हप्त्याचे, बाकीचे हरभऱ्याच्या फवारणीला आणि अण्णांच्या डोळ्याच्या ड्रॉपला. सप्टेंबरच्या पाण्यात सोयाबीन गेलं त्याचं अनुदान आलं का, ते लिहा. बँकेचे अजून 26 हप्ते आहेत, मग सव्वादोन एकरांवरचा बोजा उतरेल. तोवर वावर विकायचं कुणी बोलायला आलं तर उंबऱ्यावरूनच परत पाठवा. मामाकडून उसने आणलेले माझ्या नावावर धरा, मार्चपर्यंत फेडतो.

उदगीरच्या स्थळाचं मी टाळतोय असं मायला वाटतं. टाळत नाही. मे महिन्यात पंधरा दिवसांची रजा मागणार आहे, यावेळी खरंच मागणार आहे. मुलीशी आधी फोनवर बोलू द्या, तिला इकडं यायचंय का तेही तिलाच विचारू द्या. आणि माय, तू त्यांना माझा पदवीदानाचा फोटो दिलास असं छकुली म्हणाली. तो 2019 चा आहे. सोबत मागच्या आठवड्यात काढलेला पाठवतोय, तो द्या. चष्मा लागलाय, केस कमी झालेत, ते त्यांना आधीच दिसलेलं बरं.

अण्णा, यंदा माळेगावला जाऊ नका. धूळ डोळ्याला चालणार नाही. इतकी वर्षं एकही फड चुकवला नाहीत हे मला ठाऊक आहे. छकुली, शेवटच्या कुस्तीला जाणारं गावातलं कुणी असेल तर त्याला व्हिडिओ कॉल लावायला सांग, त्यांना घरी दाखव. मलाही जोडून घे. इकडं पहाट असेल, मी उठतो.

आपला,
बाळू

ता.क. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं किती दिसतं ते अण्णांनी स्वतः सांगावं. बरं आहे, एवढंच लिहू नये.