हेल्मेटमध्ये ठेवलेलं पत्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या हेल्मेटमध्ये ठेवलंय, म्हणजे किक मारायच्या आधी ते तुझ्या हाती लागेल. समोर बसवून बोललो असतो, पण पहाटे सव्वापाचला मी शाळेच्या बसवर निघतो तेव्हा तू झोपेत असतोस, आणि दुपारची पोरं सोडून घरी येतो तेव्हा तू क्लासला. परवा आरटीओत पाय न टेकवता आठचा आकडा काढलास, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. मला किती आनंद झाला सांगू! सुटीच्या वेळी बसमधल्या सगळ्या पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या.

आता तू रोज सकाळी सिंहगड रस्त्यानं कॉलेजला जाणार. माझी आणि माझ्यासारख्या कित्येकांच्या बसची तीच वेळ. म्हणून एकोणीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेल्या माणसाचं एक ऐक. शाळेची बस थांबलेली असेल तर तिच्या डाव्या बाजूनं घुसायचं नाही. कितीही उशीर झालेला असो.

तुला वाटेल, यात काय सांगायचं? पण टू-व्हीलरवरून कसं दिसतं ते मला माहीत आहे. पुढे बस उभी, उजवीकडे गाड्यांची रांग, आणि बस व फुटपाथ यांच्यामध्ये तीन-चार फुटांची फट. ती मोकळीच दिसते. गाडी बरोबर बसते तिच्यात. पण बसचं दार त्याच फटीत उघडतं रे. पायरीवरून उतरणारं पोर खाली बघत असतं, कारण पायरी त्याच्या गुडघ्याएवढी उंच असते. पाठीवर दप्तर, गळ्यात बाटली. मागून काय येतंय ते बघायला त्याला मान वळवायचीही सोय नसते.

मागच्याच्या मागच्या जूनमधली गोष्ट. तुझ्या आईला सांगितली होती, तुला नाही. शाळा सुरू होऊन चार दिवस झाले होते. दुपारची वेळ, भुरभुर पाऊस. एका सोसायटीच्या गेटसमोर मी बस कडेला घेतली, पार्किंग लाईट लावले, बसमधल्या मदतनीस मावशींनी दार उघडलं. छोट्या शिशूतली एक मुलगी उतरत होती. रेनकोट तिच्या मापापेक्षा मोठा, बाह्या हातांच्या खाली लोंबत होत्या. तिचा एक पाय जमिनीला लागला आणि डाव्या आरशात मला हेडलाईट दिसला. मी ओरडलो. मावशींनी तिला दप्तराच्या पट्ट्याला धरून वर उचललं. गाडी तिच्या पायाखालून गेल्यासारखी गेली. बाटली तेवढी तुटून पडली आणि पुढे जाऊन फुटली.

पोरगी रडायला लागली ती बाटलीसाठी. नवीन होती, म्हणत होती. काय झालं असतं हे तिला कळलंच नव्हतं. गाडीवाला पुढे जाऊन थांबला, मागे आला. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, मिसरूड फुटलेलं पोर. थरथर कापत होता. "काका, मला दिसलीच नाही," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. तो खोटं बोलत नव्हता. तो काही वाईट मुलगाही नव्हता. त्या रात्री मी तुझ्या खोलीत येऊन तू झोपलेला बघून गेलो.

हिशेब करून बघ. ताशी 40 चा वेग म्हणजे सेकंदाला 11 मीटर. माझी अख्खी बस तेवढी लांब नाही. म्हणजे "अरे, पोर!" हे डोक्यात येईपर्यंत तू मागच्या टायरपासून दार ओलांडून पुढे गेलेला असशील. ब्रेकवर पाय पडायचाच असेल अजून. रस्ता ओला असेल तर बोलायलाच नको.

उजव्या बाजूनं जातानाही सावकाश. सकाळी पोरं अर्धवट झोपेत असतात, आईनं नाहीतर आजोबांनी हात धरलेला असतो. दुपारी तीच पोरं मोकाट सुटतात. आई रस्त्याच्या पलीकडे उभी दिसली की बाकीचं जग त्यांना दिसत नाही, ती बसच्या पुढून सरळ पळत निघतात. बंपरला चिकटून चाललेलं साडेतीन फुटी पोर मला सीटवरून दिसत नाही. त्यासाठी समोर गोल आरसा लावलाय, त्यात बघितल्याशिवाय मी गिअर टाकत नाही. पण तुला कुठला आरसा? तुला ते दिसेल ते थेट चाकासमोर. म्हणून बस थांबलेली दिसली की आधी वेग उतरव, आणि बसच्या खालून पलीकडचे पाय दिसतात का बघ. मी स्वतः गाडीवर असताना हेच करतो. हॉर्न मात्र वाजवू नकोस. पोर दचकून जागीच थिजतं नाहीतर उडी मारतं, आणि कुठल्या बाजूला ते सांगता येत नाही.

पिवळी बस लांबून ओळखू तरी येते. व्हॅन आणि रिक्षातूनही पोरं उतरतात, तिथेही हेच.

चालत्या बसचंही एक आहे. डावीकडे वळताना बसचं तोंड आधी बाहेर जातं आणि मागचं चाक कोपऱ्याला घासून आत येतं. तोंड बाहेर गेलं की आत जागा झाली असं वाटून टू-व्हीलरवाले घुसतात आणि मागच्या चाकाशी सापडतात. माझा डावा इंडिकेटर दिसला की मागेच राहा.

आम्ही हळू जातो म्हणून लोक चिडतात. शिव्या रोजच्या आहेत. पण 1997 च्या नोव्हेंबरात दिल्लीला वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत पडली आणि 28 मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं शाळेच्या बसवर बंधनं घातली, ड्रायव्हरला जड वाहनाचा पाच वर्षांचा अनुभव हवा असं ठरलं. 2011 साली महाराष्ट्रानं स्कूलबससाठी वेगळी नियमावली केली. माझ्या बसचा स्पीड गव्हर्नर, म्हणजे ठरावीक वेगापुढे बस जाऊच न देणारं यंत्र, त्यातलाच. मागचा कितीही हॉर्न मारो, मला त्याचा कधी राग येत नाही. तुझी आत्या न्यू जर्सीला आहे ना, तिच्याकडे तर बसनं लाल दिवे लावले की मधे दुभाजक नसेल तिथे समोरून येणाऱ्यालाही 25 फूट अलीकडे थांबावं लागतं, दिवे बंद होईपर्यंत. कायदाच आहे. आपल्याकडे ती सवय अजून लागलेली नाही. तू लावून घे. मागचा ओरडेल, ओरडू दे.

रविवारी मी यार्डात बस धुवायला जाणार आहे. नऊ वाजता ये. मावशी त्यांच्या नातीला आणणार आहेत, पहिलीत आहे ती. तुला माझ्या सीटवर बसवतो आणि तिला बंपरसमोर उभी करतो. दिसते का सांग मला.

टाकी कालच फुल केली आहे. मागच्या टायरमध्ये हवा कमी वाटली, जाताना भरून घे.

तुझा,
बाबा