व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल, म्हणजे चर्चची सुट्टीतली मुलांची बायबल शाळा) संपल्यावरही आमच्या घराला धरून राहिलेल्या ताईंना

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात सलाम.

हे पत्र मी मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्हाला एकटीला लिहिलं तर तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलणार हे मला माहितीय. आणि दुसरं म्हणजे उन्हाळ्यात मुलांची व्हीबीएस घेणाऱ्या बाकीच्या टीचर लोकांनी पण हे वाचावं असं मनापासून वाटतं.

व्हीबीएसचे दिवस छानच असतात, त्याबद्दल वादच नाही. ॲक्शन साँग, गोष्टी, क्राफ्ट, वचनांचं पाठांतर, शेवटच्या दिवशी स्टेजवर कार्यक्रम, सर्टिफिकेट, आम्ही पालक मागे उभे राहून मोबाईलवर फोटो काढतोय, आणि मग सगळे आपापल्या घरी. चर्चच्या मंडळीतल्या लोकांना वाटतं एवढी मुलं आली, आता त्यांच्या घरचे पण येतील. पण आमच्यासारखं घर, जिथे चर्च म्हणजे लग्न नाहीतर मातीच्या वेळी जायची जागा झालेली होती, ते कशाच्या जोरावर येणार? आमची कोणाशी ओळखच नव्हती. मुलीची होती, पण मुलगी एकटी कशी येईल.

तुमचा फोन त्याच आठवड्यात आला. मला वाटलं आता "रविवारी या" म्हणतील. तुम्ही ते म्हणालाच नाहीत. तुम्ही विचारलंत, आजीची तब्येत कशी आहे? कारण आमच्या मुलीने वर्गात विचारलं होतं की आजीसाठी प्रार्थना केली तर देव ऐकेल का, आणि तुम्ही ते लिहून ठेवलं होतं. मग "आत्ता फोनवर प्रार्थना केली तर चालेल का" असं आधी विचारलंत आणि अगदी छोटी प्रार्थना केलीत, सासूबाईंचं नाव घेऊन. ताई, आमच्या घरासाठी कोणी नाव घेऊन प्रार्थना केल्याला किती वर्षं झाली होती ते मला आठवत पण नव्हतं.

नंतर मी स्वतः रजिस्ट्रेशनला मदत करायला लागले तेव्हा कळलं की हे सगळं तुम्ही ठरवून करता. फॉर्मवर मुलाच्या नावाखाली आई-वडिलांची नावं, फोन केला तर चालेल का, कोणत्या वेळी केलेला बरा, हे सगळं तुम्ही विचारून घेता. नंबर कुठल्याही ग्रुपमध्ये परस्पर टाकायचे नाहीत. मुलांना वेगळे मेसेज करायचे नाहीत, जे बोलायचं ते आई-वडिलांशी. घरी जायचं तर विचारून आणि दोघांनी मिळून. आणि एकेका व्हॉलंटियरकडे घरं इतकीच द्यायची की त्या घरातल्या सगळ्यांची नावं तिच्या लक्षात राहतील. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण शंभर जणांना एकच मेसेज फॉरवर्ड केला की फॉलोअप केल्याचं समाधान मिळतं पण समोरच्याला कळतं हो की हा मेसेज सगळ्यांना गेलाय.

टीचर ट्रेनिंगला तुम्ही सांगितलेली ती 1898 सालची गोष्ट मी अजून सगळ्यांना सांगते. न्यूयॉर्कमध्ये एका डॉक्टरांच्या पत्नी, श्रीमती हॉज, उन्हाळ्याच्या सुट्टीत गरीब वस्तीतली मुलं दिवसभर रस्त्यावर असतात हे बघून त्यांच्यासाठी रोजची बायबल शाळा सुरू करतात, आणि ती शाळा भरते भाड्याने घेतलेल्या बिअरच्या हॉलमध्ये, कारण मुलं त्या भागात होती. तुम्ही तेव्हा म्हणालात की सुरुवातच जर मुलं जिथे आहेत तिथे जाऊन झाली तर नंतर आपण चर्चच्या दारात उभं राहून वाट का बघत बसायचं. आणि लगेच बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 6वा अध्याय वाचायला लावलात. देवाची वचनं मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसलेला असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. यातली एकही जागा चर्च नाही, सगळं घरातलं आणि रस्त्यातलं आहे, आणि सांगितलंय आई-वडिलांना. बायबलमधल्या तीमथ्याचा विश्वास पण आधी त्याच्या आजीत, लोईसमध्ये होता, मग आईत, युनीकेत, असं प्रेषित पौल त्याला पत्रात लिहितो. मी ते वाक्य आधी पण ऐकलं असेल, पण माझ्या घरात मी युनीकेच्या जागी आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं आणि मी ट्रेनिंगमध्येच रडले, तुम्हाला आठवत असेल.

आमच्या ह्यांची रविवारी ड्युटी असते. बाकी कोणी असतं तर "देवासाठी एक तास काढता येत नाही का" म्हणालं असतं (असं ऐकून गप्प बसलेले आणि मग कायमचे लांब गेलेले बाप मला माहितीयेत). तुम्ही ह्यांची सुट्टी कधी असते ते विचारलंत आणि त्या वारी संध्याकाळी आमच्याकडे छोटी प्रार्थना ठेवलीत, जवळ राहणाऱ्या व्हीबीएसच्याच अजून दोन-तीन घरांना बोलावून. मुलांनीच गाणी सांगितली, मुलांनीच वचनं म्हटली, आणि मोठ्या माणसांना एकमेकांची नावं कळली. नंतर आम्ही चर्चला यायला लागलो तेव्हा ओळखीचे चेहरे होते, त्यामुळे निम्मी भीती तिथेच गेली.

उरलेली निम्मी त्या पहिल्या रविवारी तुम्ही घालवलीत. बरीच वर्षं न आलेल्या माणसाला काय काय वाटतं, कुठे बसायचं, कधी उठायचं, गीत कुठल्या पानावर, प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी आपण काय करायचं, कोणी विचारलं की इतके दिवस कुठे होतात तर काय सांगायचं. तुम्ही दारात भेटलात, आमच्याच बाकावर बसलात, न बोलता पान काढून दिलंत. "आज नवीन आलेल्यांनी उभं राहा" यात आम्हाला ओढलं नाहीत. आणि मुलीला आधीच सांगून ठेवलं होतंत की व्हीबीएसमधलं वचन उपासनेत म्हणायचंय. तिने "बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या, त्यांना मनाई करू नका" म्हटलं आणि ह्यांनी, जे त्या दिवशी कोणाशी तरी ड्युटी बदलून आले होते, माझा हात धरला.

मला वाटतं मुलांना असं खरं काम देणं हे बक्षिसांपेक्षा खूप मोठं आहे. वचन वाचायचं, दान गोळा करायचं, छोटी प्रार्थना करायची. मुलाची पाळी असली की घर येतंच, आणि प्रेक्षक म्हणून येत नाही, आपलं मूल इथलं आहे म्हणून येतं.

अजून एक गोष्ट लिहायलाच हवी. व्हीबीएसला येणारी सगळी घरं ख्रिस्ती नसतात, आणि काही पालकांनी स्पष्ट सांगितलं की मुलं सुट्टीत आली तेवढं पुरे. तुम्ही लगेच "हो, बरोबर आहे" म्हणालात आणि यादीवर तसं लिहून ठेवलंत, परत कोणी फोन करायचा नाही म्हणून. पण त्यातलं कोणी रस्त्यात भेटलं की तुम्ही थांबता, मुलाचं नाव घेऊन अभ्यास कसा चाललाय विचारता आणि खरंच तेवढंच विचारता. त्यातली एक आई मला म्हणाली, त्या ताईंवर विश्वास आहे म्हणून पुढच्या वर्षी पण पाठवणार. मला त्या दिवशी तुमचा फार अभिमान वाटला ताई.

थँक यू. तुम्ही आमच्या सासूबाईंजवळ बसून वाचन करता त्याबद्दल, ह्यांना एकदाही अपराधी वाटू दिलं नाहीत त्याबद्दल, मुलीच्या प्रश्नांना "मोठी झालीस की कळेल" असं उत्तर न देता खरं उत्तर देता त्याबद्दल, आणि मला काम दिलंत त्याबद्दल तर खूपच.

या वर्षीच्या फॉर्ममधली माझ्या वाट्याची घरं मला शेवटच्या कार्यक्रमाच्या आधीच द्या, म्हणजे त्या दिवशी मी त्या पालकांच्या शेजारीच बसेन आणि मग फोन अनोळखी बाईचा वाटणार नाही. आणि ज्यांची रविवारी ड्युटी असते ती घरं ह्यांना द्या, ते स्वतःहून म्हणालेत. सासूबाईंनी सलाम सांगितलाय, आणि तुम्ही मागच्या वेळी स्तोत्र अर्धं वाचून गेलात ते पूर्ण करायला या म्हणतायत.

तुमचीच,
व्हीबीएसमधल्या एका मुलीची आई