कॅशे बंद करणं हा इलाज नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नेटवर्क फाइलसिस्टीममुळे (दुसऱ्या यंत्रावरच्या फाइली नेटवर्कवरून वापरण्याची सोय, एनएफएस हा तिचाच एक प्रकार) सर्व्हर कोसळत असेल तर कॅशे, म्हणजे फाइलींच्या हाताशी ठेवलेल्या प्रती, बंद करा, असा सल्ला आपल्या पुरवणीत एका वाचकाला दिला आहे. मी चौदा वर्षं फाइल सर्व्हर सांभाळतोय. त्या उपायाने सर्व्हर उभा राहीलही, पण चूक जागच्या जागीच राहील.

माझे हात यात पोळले आहेत. आमच्या एका यंत्रावर एनएफएसला एफएस-कॅशे, म्हणजे नेटवर्कवरच्या फाइलींच्या प्रती स्थानिक डिस्कवर ठेवणारी लिनक्सची सोय, जोडली होती. रात्री बॅकअप चालू असताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कोसळायचा. लॉगमध्ये नल पॉइंटर, म्हणजे मेमरीतला रिकामा पत्ता. मी कोडमध्ये एक ओळ घातली: पॉइंटर नल असेल तर परत फिर. कोसळणं थांबलं, मी खूश! महिनाभरात तक्रार आली, सकाळी दुरुस्त केलेला तक्ता दुपारीही जुनाच दिसतोय. एनएफएस फाइलची माहिती एरवी 3 ते 60 सेकंद शिळी चालवून घेतं, तासन्‌तास नाही. माझी शहाणी ओळ ‘ही प्रत बाद’ अशी नोंद व्हायच्या आतच परत फिरत होती. यंत्र कोसळलं तर निदान कळतं तरी. शिळा आकडा मुकाट पुढे जातो.

मग कर्नल कासान या मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या साधनासह बांधला. मेमरी कुणी घेतली, कुणी सोडली आणि सोडल्यावर कुणी हात लावला, हे तो दाखवतो. (यंत्र रखडतं, म्हणून चाचणीच्या यंत्रावरच.) एक थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) फाइलची कॅशे-नोंद बंद करत होता, दुसरा अजून तीच वापरत होता. वापरणाऱ्यांची मोजणी एक पाऊल उशिरा वाढत होती. मधल्या फटीत ती शून्य होऊन जागा मोकळी व्हायची, दुसऱ्या कामासाठी पुसली जायची. तोच आमचा ‘नल’. आधी मोजणी, मग काम सोपवायचं, एवढाच बदल केला. माझी जुनी ओळ काढून टाकली.

एफएस-कॅशे लिनक्समध्ये 2009 साली आली, आणि 2022 च्या 5.17 आवृत्तीत कर्नल-विकासक डेव्हिड हॉवेल्स यांनी तिची पुनर्रचना करून किचकट स्टेट मशीन (कॅशे-नोंद कोणत्या अवस्थेतून कुठे जाईल हे ठरवणारा कोड) काढून टाकलं. म्हणून त्या वाचकाला आधी कर्नलची आवृत्ती विचारा, आणि कोसळतानाचा लॉग पहिल्या ओळीपासून मागवा. लोक नेमका शेवटच्या चार ओळींचा फोटो पाठवतात.

आपला,
एक सिस्टीम अ‍ॅडमिन