मृगाच्या आधी ओढ्याचा काठ सावरायचाय : मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

कोल्हापूरच्या कळंबा-पाचगाव पट्ट्यात शेतं एन.ए. (बिगरशेती) होऊन प्लॉट पडायला लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या वसाहतीच्या मागून जो ओढा पुढे जयंती नाल्याला मिळतो, त्याला लागूनच सध्या एका मोठ्या लेआउटचं काम सुरू आहे. मुरमाचा भराव अगदी काठापर्यंत आलाय. वळीव सुरू झालेत आणि मृग तोंडावर आहे. म्हणून हे आवाहन तातडीनं करतोय.

घरं होऊ नयेत असं आमचं अजिबात म्हणणं नाही. आमच्यातले निम्मे लोक अशाच प्लॉटवर घर बांधून राहिलेत. मागणं एवढंच आहे की ओढ्याला त्याची जागा सोडा आणि बांधकामाची माती पाण्यात जाऊ देऊ नका.

परवाच्या वळवानंतर आम्ही काहीजण ओढ्यात उतरलो. भरावाच्या वरच्या अंगाला दगड उचलला की खाली किड्यांच्या अळ्या, बोटाएवढी खेकड्याची पिल्लं वळवळताना दिसतात. भरावाच्या खालच्या अंगाला तोच ओढा, तसेच दगड, पण त्यांच्यावर तांबड्या चिखलाचा थर बसलाय आणि दगडाखाली काहीच नाही. खडी-वाळूच्या फटीत मासे अंडी घालतात, अळ्या तिथंच वाढतात. त्या फटी गाळानं बुजल्या की अंड्यांना हवा मिळत नाही. एवढं सगळं एका वळवात झालंय, अजून अख्खा पावसाळा जायचाय. त्यात काँक्रीटचे मिक्सर ओढ्यातच धुतले जातात. सिमेंटचं पाणी माशांचे कल्ले जाळतं, हे तर फार कुणाला माहीतही नसतं.

काठाचंही तसंच. उभ्या मातीच्या कडेला वेडे राघू बिळं करून पिल्लं वाढवतात, आणि त्यांचा हंगाम याच उन्हाळ्यातला. जेसीबीनं काठ उतरता केला की बिळं पिल्लांसकट बुजतात. काठची उंबरं, करंजं आणि वाळुंज तोडली की माती धरून ठेवायला काही उरत नाही. मग काठ ढासळतो, प्लॉटची कड खचते आणि प्लॉटधारक पुन्हा भराव टाकतो. त्यात त्याचंही नुकसानच होतं.

आणि हे फक्त मासे-पाखरांपुरतं नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पंचगंगेला फूग आली, म्हणजे पुराचं पाणी मागं दाटलं, की जयंतीचं पाणी नदीत शिरत नाही, उलट मागं सरतं आणि शाहूपुरी, सुतारवाड्यातली माणसं भांडीकुंडी घेऊन बाहेर पडतात. वरच्या बाजूला ओढ्यांच्या मळ्या, म्हणजे काठच्या सखल जमिनी, पावसाचं पाणी पसरवून धरतात, हळूहळू सोडतात. त्यावर भराव टाकून ओढा दोन सिमेंट पाइपांत कोंबला, तर तेच पाणी एकदम खाली धावतं, आणि पाइप तुंबले तर आमच्याच दारात येतं. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा तरी आखलेली आहे, त्यावर निदान भांडता येतं. अशा लहान ओढ्यांना कुणी रेषा आखत नाही. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) म्हणून काही गुंठे लिहिलेले असतात, आणि प्रत्यक्षात ते पहिल्यांदा गिळले जातात. खरं तर जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे ओढ्या-नाल्यांचं पात्र सरकारच्या मालकीचं असतं, म्हणजे तुमचं-आमचं सगळ्यांचं.

लेआउटवाल्यांशी आमचं दोनदा बोलणं झालंय. काठाला गाळ अडवायचं कापड लावायला त्यांची हरकत नाही. ओढ्याच्या हद्दीवर मात्र घोडं अडलंय. त्यांची हद्द गाव नकाशाशी जुळत नाही असं आमचं मत आहे. पलीकडच्या काठाचे दोन शेतकरी आपल्या गटांची हद्द कायम मोजणी करून घ्यायला तयार झालेत, म्हणजे पात्र कुठून कुठवर हे कागदावर येईल. त्यांना फीचा भार उचलायला लावणं बरं नाही, तो आमच्या समितीनं घेतलाय.

पैसे लागणार आहेत ते या तातडीच्या मोजणीसाठी आणि हद्दीच्या दगडांसाठी, गाळ अडवायचं जिओटेक्स्टाइलचं कापड आणि बांबूच्या खुंट्यांसाठी, आणि काम संपेपर्यंत गाळ उपसणाऱ्या मजुरांच्या पगारासाठी. कापडाची खालची कड वीतभर चर काढून पुरायला लागते, नाहीतर गढूळ पाणी खालून निघून जातं. हिरवी शेडनेट बांधून भागत नाही, हे आधीच सांगतो, कारण ती स्वस्त म्हणून बरेचजण सुचवतात. कापडाच्या आतल्या अंगाला गाळाचे खड्डे काढायचे, म्हणजे पाणी थांबेल, माती खाली बसेल.

१०० रुपयेसुद्धा चालतील. रोख दिलेत तर पावती मागून घ्या. करसवलतीचं प्रमाणपत्र समितीकडे नाही. जमाखर्चाचा कागद दर महिन्याला मंदिराच्या फळ्यावर लागेल.

पैशाइतकीच माणसांचीही गरज आहे. भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेले कुणी असाल, तर नकाशे वाचायला या. वकिलांनी अर्ज तपासून द्यावेत. तालमीतल्या पोरांनी पावसाळ्यात पाळी लावून, मोठा पाऊस झाला की कापड फाटलंय का, खड्डे भरलेत का, एवढं बघून यावं. ज्येष्ठांकडे ओढ्याचे, काठच्या झाडांचे जुने फोटो असतील तर ते हवेत, मोजणीच्या वेळी दाखवता येतील. ज्यांनी या लेआउटमध्ये प्लॉट बुक केलाय, त्यांनी तर जरूर यावं. तुमच्या घराचा पाया याच काठावर उभा राहणार आहे. वाळुंज आणि निर्गुडीच्या फांद्या पावसात नुसत्या रोवल्या तरी जगतात. कुणाच्या शेताच्या बांधावर असतील तर कळवा, आम्ही तोडून नेऊ.

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता वसाहतीच्या मारुती मंदिरापाशी जमायचं आहे. देणगीची वहीही तिथंच असेल. येताना खोरं, पाटी, जमल्यास पहार आणा. पायात बूट घालून या, ओढ्यात काचा आहेत.