कष्टकऱ्यांच्या गृहनिर्माण संस्थांना आधी भांडवल द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राज्याच्या २०२५च्या गृहनिर्माण धोरणात २० हजार कोटी रुपयांच्या महाआवास निधीची घोषणा आहे. त्यातला ठरावीक हिस्सा कष्टकऱ्यांच्या स्वतःच्या, नफा न कमावणाऱ्या सहकारी संस्थांसाठी राखून ठेवावा, ही माझी कळकळीची मागणी आहे.

अशा संस्थांना एवढा मोठा व्याप झेपेल का, अशी शंका असणाऱ्यांनी सोलापूरजवळच्या कुंभारीला एकदा यावे. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार महिलांच्या गोदूताई परुळेकर संस्थेने तिथे १० हजार घरे उभी केली. २००६ मध्ये ती कामगारांच्या ताब्यात आली. पैसा केंद्राचा, राज्याचा आणि कामगारांचा स्वतःचाही होता. पुढे असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचे रे नगर आले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. घर साधारण ३०० चौरस फुटांचे. शहरातल्या पूर्व भागात भाड्याच्या एका खोलीत विड्या वळणारी बाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या ३०० फुटांची किंमत कळेल. मांडीवर सूप, कोपऱ्यात ओली पाने, तंबाखूचा खकाणा, आणि तिथेच चूल नि झोपलेले लेकरू!

मात्र रे नगरचे भूमिपूजन जानेवारी २०१९चे. पहिल्या चाव्या मिळायला पाच वर्षे लागली, आणि त्याआधी मंजुऱ्यांसाठी झगडण्यात गेलेला काळ वेगळाच. पंतप्रधान आवास योजनेत घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळतात खरे, पण केंद्राचा वाटा तीन हप्त्यांत आणि तोही प्रकल्प मंजूर झाल्यावर. जमीन, बिगरशेती परवानगी, वास्तुविशारदाची फी, नकाशे हा सगळा खर्च त्याआधीचा. बिल्डरला त्यासाठी बाजारातून पैसा उभा करता येतो. विडी कामगार, यंत्रमाग कामगार किंवा घरकाम करणाऱ्या बाईची पगाराची स्लिप बँकेला कोण दाखवणार?

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन चटईक्षेत्राच्या, म्हणजे बिल्डरला विकायला मिळणाऱ्या जादा बांधकामाच्या, लोभावर सोपवले. जिथे विक्रीचा भाव चढा तिथे बिल्डर आले, बाकी योजना वर्षानुवर्षे रखडल्या आणि माणसे संक्रमण शिबिरांत म्हातारी झाली. सोलापूर, मालेगाव, इचलकरंजीत तर तो भावही नाही.

म्हणून अशा संस्थांना जमीन व पूर्वतयारीसाठी अल्प व्याजाचे कर्ज द्यावे, अनुदानाचे हप्ते आले की ते फेडून घ्यावे आणि सभासदांच्या बँक कर्जाला राज्याने हमी द्यावी. सहकारातले घोटाळे आम्हालाही ठाऊक आहेत. त्यावर उपाय म्हणून पैसा स्वतंत्र खात्यात ठेवा, दरवर्षी त्रयस्थ लेखापरीक्षण करा, लाभार्थ्यांची यादी महापालिकेच्या फलकावर लावा. या अटी घालूनच निधीचे निकष ठरवावेत, आणि ते ठरवण्याआधी गृहनिर्माण विभागाच्या अधिकाऱ्यांनी कुंभारीतल्या महिलांशी बोलावे.

— एक वाचक, सोलापूर