मेल उघडला, एवढाच गुन्हा

संपादक महाशय,

हापूसच्या ऑर्डरी मी राऊंडक्यूब वेबमेलवर, म्हणजे ब्राउझरमध्येच मेल वाचायच्या सोयीवर, घेतो. 'लिंकवर क्लिक करू नका' हे आता पाठ झालंय. पण ऑक्टोबर २०२३मध्ये याच राऊंडक्यूबमध्ये सापडलेल्या दोषात क्लिकचीही गरज नव्हती. मेल नुसता उघडला, की एसव्हीजी प्रकारच्या चित्राआड दडलेली जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) आपल्याच लॉगिनच्या जोरावर चालायची आणि पत्रं परस्पर बाहेर जायची. १.६.४ आवृत्तीत दुरुस्ती आली. आमची मेलसेवा चालवणाऱ्या होस्टिंगवाल्याकडे गेल्या आठवड्यात पाहिलं, तर अजून १.६.१! म्हणाला, "चालतंय ना काका, मग कशाला हात लावायचा?"

पेटीत एक साक्याचा (आतून खराब) आंबा निघाला तर मुंबईचं गिऱ्हाईक फोनवर माझी सालटी काढतं. या होस्टिंगवाल्याला जाब कोण विचारणार? तूर्त ऑर्डरी वहीत उतरवतोय.

— एक आंबा बागायतदार, देवगड